चष्मेवाल्याने विमान का चालवू नये म्हणे?

मंडळी, गेल्या वर्षभरात एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडलं की आता त्याच्याशी भांडल्याशिवाय चैन पडणार नाही. वाक्य असं: "पोराले चष्मा लागला ना, आता इमानाचं सोडा." कधी हे बसस्टँडवर ऐकलं, कधी लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चक्क एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकखोलीत. म्हणणारा प्रत्येक जण इतक्या खात्रीने म्हणतो की जणू सरकारी राजपत्र वाचूनच आलाय. प्रत्यक्षात कोणीही काहीही वाचलेलं नसतं.

हा विषय आत्ताच का निघाला, ते बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या यवतमाळजवळ भारी नावाच्या गावाला धावपट्टी आहे, पण तिकिट काढून विमानात बसायचं तर आम्ही आपले नागपूरची वाट धरणारे. विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी पांढरी रेघ, एवढाच आमचा संबंध. मग २०२४ मध्ये जाहीर झालं की अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडिया वैमानिक घडवण्याची शाळा काढणार. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईचं विमान सुटायला लागलं. अमरावती म्हणजे आमच्यापासून नव्वदेक किलोमीटर, सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याचं अंतर. गोंदियाजवळच्या बिरसीला अशी शाळा आधीपासून होतीच, नागपूरला फ्लाइंग क्लब होता. पण बेलोऱ्याच्या बातमीने दारव्हा, घाटंजी, आर्णीकडच्या पोरांच्या डोक्यात जे शिरलं ते आधी कधी शिरलं नव्हतं. कापसाच्या वावरात उभी राहून वर बघणारी पोरं आता खाली मोबाईलमध्ये फीचे आकडे बघू लागली.

आणि त्याच वेळी हे वाक्य. चष्मा लागला, सोडा.

मी मराठीचा मास्तर. बी. ए. मराठी. विमानाशी माझा संबंध खिडकीपाशी जागा मागण्यापुरता. पण छापलेला नियम वाचून त्याचा अर्थ लावणं ही माझी अख्ख्या नोकरीची भाकरी होती, तेव्हा तेवढं मी करू शकतो. नियम काय म्हणतो?

विमान वाहतुकीचे जगभरचे किमान निकष ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिला इकाओ म्हणतात. १९४४ च्या शिकागो करारातून ती जन्माला आली आणि भारत त्या करारात पहिल्यापासून आहे. प्रवासी विमान चालवणाऱ्यासाठी, म्हणजे ज्याला पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी म्हणतात तिच्यासाठी, तिचा निकष असा की प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे ६/९ किंवा त्याहून चांगलं दिसावं आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसावं. "चष्म्याने किंवा चष्म्याशिवाय." हे शब्द नियमातच आहेत. पुढे तर स्वच्छ लिहिलंय की चष्म्याविना किती दिसतं याला कोणतीही मर्यादा नाही. आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, तेही याच धर्तीवर तपासतं. अट दोनच: उडताना चष्मा डोळ्यावर असला पाहिजे आणि तसाच दुसरा चष्मा हाताशी असला पाहिजे.

(६/९ म्हणजे काय ते आमच्या वहिनींनी विचारलं होतं. चांगल्या डोळ्याला जे अक्षर नऊ मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. बस्स.)

ज्याचा नंबर फार मोठा आहे, चष्मा काढल्यावर तक्त्यावरचं ६/६० चं सर्वांत वरचं मोठं अक्षरही ज्याला लागत नाही, त्यालाही हा नियम हाकलून देत नाही. त्याने डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून सविस्तर अहवाल आणावा, आणि पुढेही दर पाच वर्षांनी आणावा, एवढंच म्हणतो. कारण मोठ्या उणे नंबरात डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो, आतला पडदा ताणलेला असतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. शहाणपणाची गोष्ट आहे. हाकलण्याची नाही.

मग "सोडा" कुठून आलं? आलं वायुदलातून. तिथे उड्डाण शाखेला उघड उणे नंबर चालत नाही, आणि का चालत नाही हे लढाऊ विमानाच्या गिरक्या बघितल्या की मास्तरालाही कळतं. आपल्याकडे वैमानिक म्हटला की डोळ्यासमोर येतो तो वायुदलाचाच, निळ्या गणवेशातला. एनडीएची जाहिरात वर्तमानपत्रात येते, डोळ्याची अट आपण तिथे वाचतो आणि ती आकाशात उडणाऱ्या झाडून सगळ्यांना लावतो. हे म्हणजे पोलीस भरतीची उंची मोजून तलाठ्याला नापास करण्यासारखं आहे.

आता जे खरोखर आडवं येतं, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही! रंग. लाल-हिरवा ओळखण्यात ज्याला गडबड आहे त्याला ही वाट फार अवघड आहे. विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. रात्री समोरचं विमान येतंय की जातंय हे त्यावरून कळतं. उतरताना धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते. चारही पांढरे दिसले तर तुम्ही फार वर आहात, चारही लाल दिसले तर फार खाली, दोन-दोन दिसले तर बरोबर. हे ज्याला लागत नाही त्याला लेसर उपयोगाचं नाही नि चष्माही उपयोगाचा नाही. आणि तपासणी म्हणाल तर ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक असतं, ईशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये काढलेलं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. पाच मिनिटांचं काम. मी शाळेत असताना कित्येक पोरांची स्वप्नं "चष्मा आहे" म्हणून मोडताना पाहिली, पण ठिपक्यांचं पुस्तक एकाही पोरासमोर धरलेलं पाहिलं नाही.

चष्म्यावर आपला एवढा राग का, हा मला खरा प्रश्न वाटतो. वर्गात मागच्या बाकावरची मुलगी फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करायची. घरी निरोप पाठवला तर उत्तर यायचं, "गुर्जी, पोरीची जात हाये, चष्मा लागला तं कोन करीन?" अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून आहे, त्यात शाळेत डोळे तपासून पोरांना फुकट चष्मे देण्याची सोयही झाली. चष्मे आले. ते दप्तराच्या तळाशी गेले. कारण डोळ्यावर चढवला की ढापण्या, बॅटरी, चष्मिस. मग पोरगं पहिल्या बाकावर बसण्याचा हट्ट धरायचं आणि आपण म्हणायचो, वा, अभ्यासू आहे!

त्या लाजेची किंमत आता वेगळ्या खिडकीवर वसूल होते आहे.

आमच्याच घरातलं सांगतो. पुतण्याची मुलगी, बारावी झालेली, वय अठरा, नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वातीन. गणित-भौतिकशास्त्र उत्तम. तिला वैमानिक व्हायचंय. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नंबर तपासायला गेली, तर समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पायलट व्हायचंय ना, मग लेसर करूनच घ्यावं लागतं, आत्ताच केलंस तर सवलत आहे. घरी आल्यावर तिची आई म्हणाली, चांगलंच आहे, लग्नाच्या दृष्टीनेही बरं. काका म्हणाले, करून टाका. आजी म्हणाली, डोळ्याला हात लावू नका. म्हणजे चार माणसं, चार मतं, आणि नियम एकानेही वाचलेला नाही. हे लिहिल्यावर घरात कोणाला राग येणार आहे हे मला माहीत आहे. येऊ द्या.

लेसर वाईट आहे असं मी म्हणत नाही. लाखो लोक करून घेतात आणि सुखाने राहतात. नागरी विमानसेवेत लेसर झालेले वैमानिकही घेतात, फक्त त्यानंतर काही महिने थांबवून डोळा स्थिर झालाय का ते तपासतात. माझं भांडण "लागतंच" या शब्दाशी आहे. जी अट अस्तित्वात नाही ती पुरी करण्यासाठी अठरा वर्षांच्या निरोगी डोळ्याच्या पारदर्शक पटलावर शस्त्रक्रिया करायची? या वयात बऱ्याच मुलांचा नंबर अजून वाढत असतो. आज शून्यावर आणला नि दोन वर्षांनी पुन्हा पाऊण झाला, तर चष्मा परत आलाच, वर पटल पातळ झालं ते झालंच. काहींना डोळे कोरडे पडण्याचा त्रास होतो, काहींना रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात. तुम्हा-आम्हाला ते वलय रस्त्यावरच्या दिव्याभोवती दिसेल. वैमानिकाला ते धावपट्टीच्या दिव्यांभोवती दिसेल. कमी जणांना होतं, खरं आहे. पण ज्याला होतं त्याला पटल परत मिळत नाही. चष्मा मात्र दुकानात बदलून मिळतो.

वायुदलात जायचं म्हणून लेसरची घाई करणाऱ्यांनाही एक सांगून ठेवतो. तिथे काही प्रवेशांसाठी लेसरनंतरची वाट ठेवलेली आहे, पण ती अटींच्या काट्यांतून जाते: आधीचा नंबर किती होता, पटल किती जाड उरलं, डोळ्याच्या गोळ्याची लांबी किती, शस्त्रक्रियेला वर्ष उलटलं का. आणि विसाव्या वर्षाआधी केलेली शस्त्रक्रिया चालत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी घाईने करून घेतलेल्या पोराने स्वतःच्या हाताने ते दार लावून घेतलं.

लेसरच्या आधीच्या जमान्यात पटलावर चाकांच्या आऱ्यांसारखे छेद देऊन नंबर घालवायचे. अमेरिकेतले एक डॉक्टर, बेक वेदर्स, यांनी तशी शस्त्रक्रिया केलेली होती. मे १९९६ मध्ये ते एव्हरेस्ट चढत होते. उंचावर प्राणवायू विरळ झाला तसा त्या छेदलेल्या पटलाचा आकार बदलत गेला आणि त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. कसेबसे वाचले, पण थंडीने हात गमावला. ती पद्धत आता मागे पडली आहे, लेसरला तो धोका तसा लागू नाही. तरी डोळा ही जिवंत वस्तू आहे, उंचीवर ती वेगळी वागू शकते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता कॉन्टॅक्ट लेन्स. नियम तिलाही परवानगी देतो. लेन्स एकाच नंबरची असावी, रंगीत नसावी, डोळ्याला मानवलेली असावी, आणि तरीही चष्मा जवळ असावा. लेन्सचे फायदे आहेतच. कडेचं स्पष्ट दिसतं, फ्रेम आडवी येत नाही, घामाने घसरत नाही. मोठ्या नंबरवाल्याला तर जाड काचेपेक्षा ती बरी. तिथे नियमच म्हणतो की एक तर लेन्स वापरा किंवा पातळ होणाऱ्या खास काचा. पण विमानातली हवा भयंकर कोरडी असते. आमच्या मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा बाहेर जेवढा ओलावा असतो तेवढाच काय तो आत असतो. पाच-सहा तास त्या हवेत बसलं की लेन्स डोळ्याला कचकच करायला लागते.

लेन्सच्या बाबतीत एक अपघात प्रत्येक हौशी पालकाला सांगावासा वाटतो. १९ ऑक्टोबर १९९६. डेल्टा कंपनीचं विमान क्रमांक ५५४ न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरत होतं. पाऊस, धुकं, खाली पाणी. विमान बेताच्या उंचीपेक्षा खाली आलं, धावपट्टीच्या टोकाशी दिव्यांचा जो सांगाडा असतो त्याला धडकलं, चाकं तुटली आणि पोटावर घसरत गेलं. आत त्रेसष्ट जण होते. सुदैवाने कोणी दगावलं नाही. चौकशीत निघालं काय, तर कॅप्टनने ज्या लेन्स लावल्या होत्या त्यांत एका डोळ्याला लांबचा नंबर होता आणि दुसऱ्याला जवळचा. चाळिशीवाल्यांना वाचायचा चष्मा लागू नये म्हणून अशी जोडी देतात. घरी पेपर वाचायला, बाजारात भाजी घ्यायला ती उत्तम. पण दोन डोळे मिळून अंतराचा जो अदमास घेतात तो तिच्यात बिघडतो, आणि पाण्यावरून धुक्यात उतरताना तोच अदमास हवा होता. अपघाताच्या कारणात या लेन्सचं नाव चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं. त्या कॅप्टनला अशा लेन्स विमान चालवताना चालत नाहीत हे ठाऊकच नव्हतं.

बघा, त्या माणसाच्या नाकावर साधा चष्मा असता तर?

इथे आमचे एक मेहुणे हमखास मध्ये बोलतात. त्यांचं म्हणणं, "ते सगळं ठीक आहे हो, पण चष्मेवाला पायलट असेल तर मी काही त्या विमानात बसणार नाही." त्यांना माझा सवाल आहे की तुम्ही आजवर ज्या विमानांत बसलात त्यांचे कॅप्टन किती वर्षांचे होते? पासष्ट वर्षांपर्यंत प्रवासी विमान चालवता येतं. आणि माणूस चाळिशीच्या पुढे गेला की जवळचं दिसणं कमी होतं, याला अपवाद नाही. मराठीने तर वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिलाय: चाळिशी! "माझी चाळिशी कुठे ठेवली गं" असं ओरडणाऱ्या माणसाचं वय विचारावं लागत नाही. वैमानिकाला समोरचे आकडे हातभर अंतरावर वाचायचे असतात, थोडं लांबचे मीटरभर अंतरावर, आणि काही बटणं डोक्यावर. म्हणजे ज्याचे डोळे विशीत कावळ्यासारखे तीक्ष्ण होते त्याच्याही नाकावर पन्नाशीत चष्मा येणारच. फरक एवढाच की त्याला तो नवा असतो आणि लहानपणापासूनच्या चष्मेवाल्याला तो नाकाचाच भाग वाटतो.

मेहुण्यांसाठी आणखी एक गंमत. निरभ्र, रिकाम्या आकाशात बघत राहिलं आणि नजर टेकायला ढग, डोंगर, काहीच नसलं, की चांगल्यातला चांगला डोळाही आपोआप एक-दोन मीटरवर येऊन थांबतो. माणूस लांब बघतोय असं त्याला वाटतं, पण डोळा जवळ जुळलेला असतो. त्याला रिकाम्या आकाशातली ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. त्यासाठी वैमानिकांना शिकवतात की मधूनमधून पंखाच्या टोकाकडे किंवा क्षितिजावरच्या कशाकडे तरी बघून नजर पुन्हा लांब न्या. म्हणजे वर गेल्यावर थोडा वेळ तरी सगळेच आमच्या जातीचे!

चष्मा पडला तर, फुटला तर, धूर झाला आणि मुखवटा चढवावा लागला तर, असे प्रश्नही येतात. पडला-फुटला तर दुसरा आहे. म्हणूनच तो सक्तीचा आहे. प्राणवायूचे मुखवटे आणि धुरासाठीचे झाकण-चष्मे हे चष्म्यावरून चढतील असेच बनवतात, कारण बनवणाऱ्यांना कॅप्टनचं वय माहीत असतं.

एक मात्र आहे, चष्मा नीट निवडावा लागतो, आणि इथे आमच्या दुकानांत जे चालतं त्याची मला चीड येते. वैमानिक व्हायचंय म्हटलं की दुकानदार पहिल्यांदा गॉगल काढतो. थेंबाच्या आकाराची काच, सोनेरी काडी. त्याचा इतिहास खरा आहे: अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीने तो तिथल्या सैनिकी वैमानिकांसाठी काढला आणि १९३७ पासून रे-बॅन या नावाने बाजारात आला. त्यानंतर सिनेमावाल्यांनी तो असा काही उचलला की गॉगल चढवला म्हणजे निम्मा पायलट झालाच, असं वाटायला लागलं. पण ज्याला उणे सव्वातीन नंबर आहे त्याने हा बिननंबरी गॉगल लावला तर त्याला ऊन लागणार नाही आणि धावपट्टीही दिसणार नाही.

तेव्हा नंबरवाल्याने गॉगलही नंबरचाच करावा. दुकानदार "साहेब, पोलराइज्ड घ्या, एक नंबर आहे" म्हणून मागे लागेल. गाडी चालवायला, तळ्याकाठी बसायला तो खरोखर छान. विमानात नको. कारण आताच्या विमानांत घड्याळं-काटे जाऊन पडदे आलेत आणि पोलराइज्ड काचेतून असा पडदा मान जरा कलती केली की काळा पडू शकतो. खात्री करायची तर दुकानातच गॉगल लावून मोबाईल हळूहळू आडवा-उभा फिरवून बघा. विमानाच्या समोरच्या काचा थरांच्या असतात, त्यांत या गॉगलमधून रंगीबेरंगी पट्टे दिसतात. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे हा गॉगल चमक मारतो. पण लांबचं दुसरं विमान बरेचदा त्याच्या अंगावरच्या चमकेमुळेच आधी दिसतं.

उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी काच, जिला आपण फोटोसन म्हणतो, तीही इथे फसवी. ती काळी होते अतिनील किरणांमुळे, आणि विमानाची काच त्यातले बरेचसे अडवते. म्हणजे हवी तेव्हा पुरती काळी होणार नाही, आणि झाली तर ढगात शिरल्यावर पांढरी व्हायला वेळ घेणार. ढग काही तिच्यासाठी थांबत नाही.

रंग करडा घ्यावा, फार तर हिरवट-करडा किंवा तपकिरी. पिवळा, केशरी, निळा नको. लाल-पांढऱ्या दिव्यांचं मघाशी सांगितलं ते आठवा. रंग बदलून दाखवणारी काच तिथे कामाची नाही. काळोखी किती? अमेरिकेच्या विमान खात्याची वैमानिकांसाठीची शिफारस साधारण पंधरा टक्के उजेड आत येऊ देणाऱ्या काचेची आहे. त्याहून काळी केली तर आतले आकडे दिसत नाहीत. अतिनील किरण अडवणारी मात्र हवीच, कारण वर जावं तसे ते वाढत जातात, दर हजार फुटांना पाचेक टक्के. काडी बारीक आणि सपाट असावी, कारण कानावर हेडफोन बसतो. जाड काडीने त्याची गादी उचलली जाते, आवाज आत शिरतो आणि तासाभरात कानशिलं ठणकायला लागतात. ही एवढी साधी गोष्ट सोनेरी काडीचं कौतुक करणारा कोणीच सांगत नाही.

आणि नंबरचा गॉगल हा "दुसरा चष्मा" म्हणून धरू नये. दिवस मावळला, ढगात शिरलात, आणि पारदर्शक चष्मा तेवढ्यात फुटला तर काळा गॉगल लावून उतरणार का? पारदर्शक दोन, आणि गॉगल तिसरा. तीनही एकाच वेळी, एकाच नंबरपत्रावरून करून घ्यावेत. तिन्हींना मिळून चांगल्या काचेचे जे पैसे होतील ते लेसरच्या पैशांपुढे किरकोळ आहेत, आणि शिकण्याच्या खर्चापुढे तर दिसणारही नाहीत.

त्या खर्चाचंच शेवटचं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तास उडावं लागतं आणि सगळं मिळून अर्ध्या कोटीच्या आसपास जातं. आमच्याकडे अर्धा कोटी म्हणजे वावर. वावर विकून नाहीतर गहाण टाकून पोराला धाडणारा बाप मी ओळखतो. माझं त्याच्याशी म्हणणं एवढंच आहे की पहिला हप्ता भरण्याआधी तपासणी. आधी दुसऱ्या वर्गाची, डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे. त्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. मग पहिल्या वर्गाची. डोळे, रंग, कान, हृदय, सगळं त्यात येतं. प्रवेश देणारे म्हणतील, मेडिकल होऊन जाईल हो, आधी सीट पक्की करा. त्यांना म्हणा, आधी मेडिकल, सीट कुठे पळत नाही. आणि जाताना डोळ्यांच्या डॉक्टरांचा ताजा नंबर, जुन्या नंबरांचे कागद आणि स्वच्छ पुसलेला चष्मा घेऊन जा. तिथे चष्मा लपवायचा नसतो. तपासणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. लेन्स लावून चष्मा नाहीच असं सांगितलेलं मात्र वाटतं.

पुतण्याच्या मुलीला मी ठिपक्यांचं पुस्तक असलेल्या आमच्याच तालुक्यातल्या डॉक्टरांकडे धाडलं होतं. सगळे आकडे तिने धडाधड वाचले. आता ती दुसऱ्या वर्गाच्या तपासणीची तारीख घेते आहे. लेसरचं तिने स्वतःच सांगितलं, नंबर दोन वर्षं हलला नाही तर मग बघू. तिच्या आईने दोन फ्रेमी पसंत केल्या आहेत. तिसरीवरून, म्हणजे गॉगलवरून, घरात अजून वाद चालू आहे. आईला सोनेरी काडी हवी आहे.